राखेत नत्र नाही, मग आवणाला काळोखी येते कुठून?

रोहिणी नक्षत्र जवळ आलं की दरवर्षी कुणीतरी विचारतंच: यंदा राब भाजायचा की नाही? शेतीशाळेत सांगतात, भाजू नका. घरातली जुनी माणसं म्हणतात, भाजल्याशिवाय आवण उठत नाही. गंमत म्हणजे दोघांचंही म्हणणं खरं आहे. ते कसं, हे कळायला सुमारे एकशे चाळीस वर्षं मागे जावं लागतं. आजची नोंद त्याचीच. विषय नत्राचा, आणि ते नत्र हवेतून मातीत, मातीतून परत हवेत नेणाऱ्या जिवाणूंचा. नोंद लांब आहे, सवडीने वाचा.

राब आणि सरकार

नवीन पोरांसाठी आधी राब म्हणजे काय ते सांगतो. एप्रिल-मे महिन्यात भाताचं रोप टाकायच्या जागेवर खाली शेणाचा थर, त्यावर झाडांचा टहाळ आणि पालापाचोळा, त्यावर गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. वारा जिकडे जातो त्या बाजूने पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकते. ज्वाळा उठायला नको, धुमसत राहायला हवं. पाऊस पडला की त्या काळ्या जागेवर बी फेकायचं. एक एकर लावणीला साधारण चार गुंठे रोप लागतं. त्या चार गुंठ्यांसाठी टहाळ मात्र बऱ्याच झाडांचा लागतो.

पूर्वपट्टीत तुंगारेश्वराच्या अंगाला, पुढे वाडा-जव्हारकडे, हा टहाळ जंगलातून यायचा. आमच्या नंदाखालच्या बाजूला डोंगर नाही, म्हणून झावळ्या, पेंढा, वाडीतलं गवत आणि शेण्या यांच्यावर भागवायचे. रीत मात्र तीच.

१८७८ चा वन कायदा आला आणि टहाळ तोडण्यावर बंधनं आली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात (आपला पालघर त्यातच होता) त्यावरून एवढी नाराजी झाली की सरकारला १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ ला आला. वन खात्याचं म्हणणं, राबासाठी झाडं बोडकी होतात. शेतकऱ्याचं म्हणणं, राब नाही तर भात नाही. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये राबाचं वर्णन आहे. इंग्लंडहून आलेले रसायनतज्ज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीही १८९३ मध्ये छापलेल्या हिंदुस्थानच्या शेतीवरच्या अहवालात राबाची चर्चा केली आहे. आडरानातली ही रीत एकाएकी सरकारी कागदावर आली, कारण तिच्यावर कर, जंगल आणि लोकांचं पोट अशा तिन्ही गोष्टी टांगलेल्या होत्या.

पण तंटा सोडवायचा तर आधी एक साधा प्रश्न सुटायला हवा होता. राब रोपाला नेमकं देतो काय?

कोडं

रोपवाटिकेत राब भाजलेली जागा आणि न भाजलेली जागा शेजारी शेजारी असेल तर पंधरा दिवसांत फरक कळतो. भाजलेल्या जागेचं आवण उंच, दणकट, आणि त्याला काळोखी असते. पिकाला काळोखी आली म्हणजे नत्र मिळालं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. युरिया टाकल्यावर तीच काळोखी येते.

आता राखेचं बघा. राखेत पोटॅश असतं, चुना असतो, थोडं स्फुरद असतं. नत्र नसतं. शेणातलं आणि पाल्यातलं नत्र जळताना बहुतेक सगळं वायू होऊन निघून जातं. म्हणजे आपण शेणातलं नत्र जाळून टाकतो आणि तरी रोपाला नत्र मिळाल्यासारखी काळोखी येते. हे नत्र आलं कुठून?

उत्तराचे तुकडे

हे उत्तर एका माणसाला सापडलं नाही. त्याचे तुकडे वेगवेगळ्या देशांत सापडत गेले.

पहिला तुकडा फ्रान्सचा. १८७७ साली श्लेझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश सोडलं. काही दिवसांनी खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद. म्हणजे हे नुसतं रसायन नव्हतं, नळीत काहीतरी जिवंत होतं आणि ते काम करत होतं. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिचमध्ये ते जिवाणू वेगळे काढले. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. या सगळ्या कामाला नत्रीकरण म्हणतात.

दुसरा तुकडा इंग्लंडच्या रॉथॅमस्टेडचा. १९०९ मध्ये रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवलं की माती तापवली किंवा टोल्युइनसारख्या औषधाने अर्धवट निर्जंतुक केली, तर तिच्यात अमोनिया वाढतो आणि पीक जोमाने येतं. बाहेरून काही घातलेलं नसताना!

तिसरा तुकडा आपल्या घरचा. डॉ. हॅरल्ड मान १९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. त्यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्याबरोबर पश्चिम हिंदुस्थानातल्या राब पद्धतीचाच अभ्यास केला. तो १९१२ साली शेतकी खात्याच्या रसायन मालिकेत छापला गेला. राखेबरोबरच माती तापण्याने काय होतं, हे त्यात तपासलं गेलं. ज्या रीतीला शेतकऱ्याचा अडाणीपणा म्हणत होते, ती प्रयोगशाळेत नेऊन मोजली गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आज आपल्याला जे माहीत आहे ते सगळं जोडलं तर कोडं असं सुटतं. मातीत नत्र भरपूर असतं, पण ते कुजलेल्या सेंद्रिय पदार्थात अडकलेलं असतं. आच लागली की वरच्या थरातले बरेच जीव मरतात. त्यांच्या शरीरातलं आणि सेंद्रिय पदार्थातलं नत्र मोकळं होतं. त्यात बीजाणू करणारे काही जिवाणू आच सोसून जगतात. पाऊस पडला की ते सुटलेला माल खातात आणि अमोनियम तयार करतात. नत्रीकरण करणारे जिवाणू नाजूक, ते आचेत मरतात आणि त्यांना परत यायला वेळ लागतो. त्यामुळे अमोनियमचं नायट्रेट लगेच होत नाही, ते साचून राहतं. आणि भाताच्या रोपाला अमोनियम चालतं, नव्हे आवडतं.

म्हणजे राबाचं नत्र राखेतून येत नाही. ते आपल्याच मातीच्या जुन्या ठेवीतून काढलेलं असतं. वर तणाचं बी जळतं, पोटॅश मिळतं, हे फायदे आहेतच. जुनी माणसं खोटं बोलत नव्हती. पण राब नत्र निर्माण करत नाही, ठेव मोडून हातात देतो. शेणातलं नत्र धुरात जातं ते वेगळंच.

चिखलातले बुडबुडे

रोप झालं, आता लावणीच्या खाचरात या. चिखलणी करून आठ-दहा दिवस पाणी उभं राहिलं की पाय टाकल्यावर बुडबुडे वर येतात. लहानपणी आम्हाला वाटायचं खाली मासा आहे.

हे बुडबुडे पहिल्यांदा पद्धतशीर गोळा करून तपासणाऱ्यांत मद्रास इलाख्यातले डब्ल्यू. एच. हॅरिसन आणि पी. ए. सुब्रह्मण्य अय्यर हे दोघे होते. १९१३ पासून त्यांनी भातखाचरातल्या वायूंवर लिहिलं. त्यात मुख्यतः दोन वायू निघाले: मिथेन आणि नायट्रोजन. पाण्याखाली मातीच्या पृष्ठावर शेवाळ आणि जिवाणूंचा जो चिकट पापुद्रा असतो, तो हे वायू वापरतो आणि पाण्यात प्राणवायू सोडतो, हेही त्यांनी नोंदवलं.

मिथेन समजू शकतो, कुजण्याचा वायू आहे. नायट्रोजन कसा? थोडा हवेतला अडकलेला असतो. पण त्याला आणखी एक वाट आहे. १८८६ साली गेयाँ आणि द्युपेती या फ्रेंच जोडीने दाखवलं होतं की काही जिवाणू नायट्रेट मोडून त्याचा वायू करतात. पाण्याखाली प्राणवायू संपला की हे जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात. नायट्रेटचं नायट्राइट, त्याचं नायट्रिक ऑक्साइड, त्याचं नायट्रस ऑक्साइड, आणि शेवटी साधा नायट्रोजन. याला विनत्रीकरण म्हणतात.

या साखळीतली शेवटची पायरी पूर्ण झाली तर नुकसान फक्त आपलं. नत्र हवेतून आलं, हवेत गेलं. पण ती अर्धवट राहिली तर नायट्रस ऑक्साइड सुटतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा वायू आहे. खाचर वारंवार सुकून परत भरलं तर हे जास्त होतं. सुकलं की नत्रीकरणवाले नायट्रेट करून ठेवतात, भरलं की विनत्रीकरणवाले ते उडवतात. एकाने ताट वाढायचं आणि दुसऱ्याने उचलून न्यायचं, असा प्रकार.

दरवर्षी पहिल्या पावसात हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. उन्हाळी वळवाने ओलावलेल्या कोरड्या जमिनीत नायट्रेट तयार होऊन बसलेलं असतं. खाचर भरलं की त्यातलं बरंचसं निघून जातं. ते पकडायला तेव्हा शेतात हिरवं काही नसतं.

शेवाळ: देणारं आणि नेणारंही

मग शेकडो वर्षं खत न टाकता भात पिकत कसं होतं? घरातलं पोट भरण्याइतकं तरी पिकत होतंच. त्याचं एक उत्तर पी. के. डे यांनी १९३९ साली मांडलं: भातखाचरातलं निळं-हिरवं शेवाळ हवेतलं नत्र बांधतं. पुढे बनारसला प्रा. आर. एन. सिंग आणि दिल्लीच्या शेती संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी त्यावर आयुष्य घातलं. शेवाळाचं खत म्हणून जे मिळतं ते त्याच कामातून आलं.

पण शेवाळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. दुपारच्या उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पाण्याचा सामू दुपारी ९ च्या वरही जाऊ शकतो. अशा पाण्यात युरियातून आलेला अमोनिया वायू होऊन उडतो. म्हणजे युरिया नसलेल्या खाचरात शेवाळ नत्र आणून देतं, आणि वरून युरिया फेकलेल्या खाचरात तेच नत्र घालवायला मदत करतं. जीव तोच, आपली वागणूक वेगळी.

कारखान्याचं नत्र

१९०९ मध्ये जर्मनीत हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, १९१३ मध्ये बॉशने त्याचा कारखाना उभा केला. आपल्या जवळ तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा, खतकारखाना १९६५ साली सुरू झाला. सुफला आणि उज्ज्वला ही नावं आपल्या घराघरांत तिथूनच आली. जिवाणू जे काम साध्या तापमानाला मुळाच्या गाठीत करतात, त्याला कारखान्यात ४००-५०० अंश उष्णता आणि प्रचंड दाब लागतो.

युरियाने भात वाढवलं, यात वाद नाही. पण हिशेब बघा. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र. उभ्या पाण्यात फोकून दिलं तर पिकाला साधारण ३० ते ४० टक्के मिळतं, म्हणजे ६ ते ८ किलो. उरलेल्यातलं काही मातीत राहतं, पण मोठा भाग अमोनिया होऊन, विनत्रीकरण होऊन किंवा पाण्याबरोबर वाहून जातो. गोणी आपण डोक्यावरून आणतो आणि निम्म्याच्या आसपास वाऱ्याला देतो. २०१५ पासून सगळा युरिया कडुनिंब लावलेला येतो तो याचसाठी. कडुनिंब नत्रीकरणवाल्या जिवाणूंना थोडा वेळ मंद करतो.

सावंतांची गोळी

आता या इतिहासातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग. १९४० च्या आसपास जपानमध्ये शिओइरी यांनी दाखवलं होतं की पाणी भरलेल्या खाचरात मातीचे दोन थर होतात. वरचा पातळ, तांबूस, प्राणवायू असलेला. खालचा जाड, काळपट-निळसर, प्राणवायू नसलेला. आपणही फावड्याने कापून बघू शकतो, रंग स्पष्ट दिसतो. अमोनियम वरच्या थरात असेल तर त्याचं नायट्रेट होतं, ते खाली झिरपतं आणि तिथे वायू होऊन जातं. पण तेच अमोनियम थेट खालच्या थरात ठेवलं तर? तिथे प्राणवायू नाही, म्हणजे नत्रीकरणवाले हात बांधून बसतात. नायट्रेटच झालं नाही तर उडणार काय?

या विषयावर खोल काम केलेले आपले मराठी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. एन. के. सावंत. पाणथळ भातजमिनीत नत्राचं काय काय होतं, यावर त्यांनी एस. के. डे दत्ता यांच्याबरोबर १९८२ साली लिहिलेला मोठा लेख जगभर वाचला गेला. आणि हेच शास्त्र त्यांनी कोकणातल्या लहान खाचराला बसेल असं करून दिलं. तीच चारसूत्री भातशेती.

पहिलं सूत्र, भाताचं भाताला परत द्या: रोपवाटिकेत तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, आणि पेंढा शेतात. दुसरं, गिरिपुष्पाचा हिरवा पाला गुंठ्याला सुमारे ३० किलो चिखलणीआधी. तिसरं, नियंत्रित लावणी, १५ आणि २५ सेंटिमीटर आलटून पालटून, एका चुडात दोन-तीन रोपं. चौथं, युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी, चार चुडांच्या मधोमध, ७ ते १० सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी हाताने खोचायची.

हिशेब: एकरी सुमारे २५,००० गोळ्या, म्हणजे साधारण ६८ किलो. गोळीत ६० भाग युरिया आणि ४० भाग डीएपी धरलं तर त्यात जवळपास २४ किलो नत्र येतं, म्हणजे सव्वा गोणीपेक्षाही कमी युरियाइतकं. पण ते जिवाणूंच्या पहिल्या टोळीच्या हाती लागत नाही.

पहिलं सूत्र परत वाचा. तुसाची राख. राबाची जागा त्यांनी रिकामी सोडली नाही. राखेतून रोपाला पोटॅश आणि सिलिका मिळते, काडी ताठ होते, आणि त्यासाठी जंगलातला टहाळ किंवा गोठ्यातलं शेण जाळावं लागत नाही. १८८७ च्या तंट्याचं उत्तर शंभर वर्षांनी गिरणीच्या दारातल्या तुसात निघालं.

गोळीच्याही मर्यादा आहेत. समुद्राकडच्या रेताड जमिनीत, जिथे पाणी टिकत नाही, तिथे खोल ठेवलेलं नत्र आणखी खोल झिरपून जातं. मग ते विहिरीत उतरतं. आपल्या पश्चिमपट्टीत पिण्याच्या विहिरी उथळ, म्हणून अशा जागी गोळी नको, हिरवळीचं खत आणि थोडं थोडं विभागून दिलेलं नत्र बरं. मजुरीही लागते. लावणीला माणसं मिळत नाहीत तिथे वाकून गोळ्या खोचायला कोण येणार, हा प्रश्न खरा आहे.

मग यंदा काय?

माझं मत सांगतो. राब भाजणाऱ्याला कुणी अडाणी म्हणू नये. त्याने जिवाणूंचं नाव न ऐकता त्यांच्याकडून काम करून घेतलं. पण त्या काळी जंगल होतं, गोठ्यात आठ-दहा जनावरं होती आणि ठेव मोडली तरी मागून भर पडत होती. आज वसईत शेणाची पाटी शोधावी लागते. ते शेण जाळण्यात आता शहाणपण उरलेलं नाही. गादीवाफा, तुसाची राख, कुजलेलं शेणखत, आणि तणासाठी एक पाऊस झाल्यावर उगवलेलं तण खुरपून मग बी टाकणं, यात आवण चांगलं उठतं.

आणि भात निघाल्यावर ओलीवर वाल टाका. १८८६ साली हेलरिगेल यांनी बर्लिनमध्ये सांगितलं की शेंगवर्गी पिकं मुळाच्या गाठींतून हवेतलं नत्र घेतात. १८८८ मध्ये बायजेरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे केले. आणि आपल्याकडे १९२० साली ते वेगळे करणाऱ्याचं नाव पुन्हा एन. व्ही. जोशी असंच आहे. फुलोऱ्याच्या वेळी वालाचं एक रोप अलगद खणून गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर कारखाना चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर बंद आहे, पुढच्या वर्षी बियाण्याला रायझोबियम लावा.

ज्यांच्या घरी राब भाजलेला आठवणारी माणसं अजून आहेत, त्यांना विचारून ठेवा: टहाळ कुठल्या झाडाचा, शेण किती, आणि न भाजलेल्या वाफ्याचं आवण कसं यायचं. १९१२ च्या त्या अभ्यासाला अशाच माणसांनी माहिती दिली असणार. त्यांची नावं कुठे छापली गेली नाहीत. आपण निदान लिहून तरी घेऊ.